सायलेन्सरची निवड : एक ध्वनिविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मोटारसायकल किंवा मोटार यांच्या धूर बाहेर टाकणाऱ्या नळीवर आवाज दाबण्यासाठी जे पात्र बसविलेले असते, त्याला मराठीत सर्वत्र 'सायलेन्सर' म्हणतात. अमेरिकन इंग्रजीत याच भागाला 'मफलर' असे नाव आहे. मराठीत मात्र मफलर म्हणजे गळ्याभोवती गुंडाळावयाचे लोकरी वस्त्र, आणि यंत्राच्या संदर्भात तो शब्द आपल्याकडे फारसा रुळला नाही. एका शब्दात आवाज बंद करण्याची कल्पना आहे, दुसऱ्यात तो गुंडाळून ठेवण्याची. परंतु कंपनीचा सायलेन्सर काढून बाहेरचा बसविणारा ग्राहक दुकानात जातो तो आवाज घालविण्यासाठी नव्हे, तर आपल्या पसंतीचा आवाज मिळविण्यासाठी. शब्दाचा अर्थ आणि वस्तूचे प्रयोजन यांची अशी फारकत भाषेच्या अभ्यासकाला नवी नाही. नवे आहे ते हे, की या व्यवहारात ग्राहकाला काय हवे आहे हे सांगण्याची परिभाषाच उपलब्ध नाही.

बुलेटच्या सुट्या भागांच्या बाजारात प्रचलित असलेली नावे पाहिली म्हणजे ही उणीव ध्यानात येते. 'शॉर्ट बॉटल' आणि 'लाँग बॉटल' ही नावे आकारावरून पडली. 'इंदोरी' हे नाव गावावरून पडले. 'गोल्डस्टार' हे बीएसए कारखान्याच्या त्याच नावाच्या जुन्या ब्रिटिश मोटारसायकलीवरून आले. ध्वनीवरून पडलेले नाव एकच, आणि ते म्हणजे 'फटाका'. ग्राहकाच्या तोंडी असलेली विशेषणेही याहून काटेकोर नाहीत. 'भारदस्त', 'दमदार', 'जड', 'मोठा', 'बास असलेला' हे सर्व शब्द तो एकाच अर्थाने वापरतो. ध्वनिशास्त्र मात्र येथे तीन वेगळे गुण मानते : स्वर उंच की खालचा हे सांगणारी तारता, आवाज मोठा की लहान हे सांगणारी तीव्रता, आणि एकाच तारतेचे व तीव्रतेचे दोन आवाजही ज्यामुळे निराळे ओळखू येतात ती ध्वनीची जाती.

या तीन गुणांची गल्लत झाली की ग्राहक गंभीर आवाज मागतो आणि मोठा आवाज घेऊन घरी जातो. त्याचे पैसे जातात, शेजाऱ्यांची झोप जाते, आणि वाहतूक पोलिसांशी गाठ पडली तर सायलेन्सरही जातो. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा विषय आणखी एका कारणाने उपयोगी आहे. इंजिनाची झडप आणि नळीचे तोंड यांच्यामध्ये जे घडते, त्याचे स्वरूप नादतंतू आणि ओठ यांच्यामध्ये जे घडते त्याच्यासारखेच आहे. गुन्नार फांट यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाणीच्या उत्पत्तीची जी उपपत्ती तपशिलाने मांडली, तिच्यात उगम आणि गाळणी या दोन घटकांचा स्वतंत्र विचार आहे. सायलेन्सरच्या विवेचनालाही नेमकी तीच विभागणी लागू पडते.

२. उगम : इंजिनाचे आघात

प्रातिशाख्यकारांनी कंठ संवृत असता नाद आणि विवृत असता श्वास निर्माण होतो असे सांगून या दोहोंना वर्णांचे मूळ द्रव्य मानले, आणि स्थान व करण यांचा विचार निराळा केला. इंजिनात हे मूळ द्रव्य म्हणजे निकास झडप उघडताच बाहेर उसळणारा वायूचा लोट होय. झडप उघडते त्या क्षणी सिलिंडरमधील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे नळीत एक तीव्र, धारदार आघात शिरतो. असे आघात सेकंदाला किती होतात यावर ध्वनीची मूळ तारता ठरते.

चार फेऱ्यांच्या चक्रावर, म्हणजे फोर-स्ट्रोक पद्धतीवर, चालणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनात मुख्य दांड्याच्या दर दोन फेऱ्यांना एक आघात होतो. मिनिटाला ३,००० फेऱ्या असल्यास सेकंदाला २५ आघात होतात. याच गतीला दोन सिलिंडरांचे इंजिन ५०, चार सिलिंडरांचे १०० आणि सहा सिलिंडरांचे १५० आघात देते. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेरीला आघात असतो. म्हणून त्याचे एक सिलिंडरही ५० आघात देते. वाणीशी तुलना करावयाची तर प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात नादतंतूंची कंपने सेकंदाला साधारणतः १०० ते १३० असतात. चार सिलिंडरांची मोटार रस्त्यावर जो स्वर धरते, तो पुरुषाच्या नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीजवळचा आहे. बुलेटचे २५ आघात मात्र कंपित 'र' उच्चारताना जिभेचे टोक जितक्या वेळा फडफडते त्या संख्येच्या जवळ आहेत. उभ्या बुलेटचे इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर मंद चालत असेल, तर सेकंदाला साडेसातच आघात होतात. सेकंदाला सुमारे २० पेक्षा कमी आघात कानाला सलग स्वर म्हणून ऐकू येत नाहीत. ते सुटे सुटे ऐकू येतात. जुन्या बुलेटची ख्याती ज्या ठोक्यावर उभी आहे, तो ठोका अशा रीतीने मुळात तारतेचा विषयच नव्हे. तो लयीचा विषय आहे. ७० मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर, त्यात ९० मिलिमीटर धाव घेणारा दट्ट्या आणि जड चाक या रचनेमुळे हे इंजिन फार संथ चालू शकत असे, आणि त्या संथपणातून ही लय निर्माण होत असे.

आघातांमधील अंतर समान नसेल तर लयीला वेगळे रूप येते. हार्ली-डेव्हिडसनच्या ४५ अंशांत मांडलेल्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात आघातांमधील अंतरे आलटून पालटून ३१५ आणि ४०५ अंशांची असतात. त्यामुळे तो आवाज लंगडत चालल्यासारखा वाटतो. १९९४ मध्ये या कंपनीने हा आवाज आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्यासाठी अर्ज केला; प्रतिस्पर्ध्यांच्या हरकतींनंतर २००० मध्ये तो मागे घेतला. २०१८ मध्ये बाजारात आलेल्या रॉयल एन्फिल्डच्या ६५० सीसीच्या जुळ्या सिलिंडरांच्या गाड्यांत ही अंतरे २७० आणि ४५० अंशांची आहेत.

यावरून निवडीचा पहिला सिद्धान्त निघतो. आघातांची संख्या आणि त्यांची लय ही इंजिनाची आहेत. कोणताही सायलेन्सर ती बदलू शकत नाही. चार सिलिंडरांच्या मोटारीला बुलेटचा ठोका देणारी नळी बाजारात नाही आणि असूही शकत नाही. ज्याप्रमाणे जीभ आणि ओठ यांच्या हालचालींनी 'अ'चा 'उ' करता येतो, पण स्त्रीच्या नादतंतूंची कंपनसंख्या पुरुषाची करता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

३. गाळणी : सायलेन्सरचे तीन प्रकार

धारदार आघातात मूळ कंपनसंख्येबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा अनेक उपस्वरांचा समावेश असतो. यांपैकी कोणते उपस्वर पुढे जाऊ द्यावयाचे आणि कोणते अडवावयाचे, एवढेच सायलेन्सरच्या हाती आहे. हे काम तीन प्रकारांनी होते, आणि बाजारातील बहुतेक सायलेन्सर म्हणजे या तिघांची कमीअधिक प्रमाणातील मिश्रणे असतात.

पहिला प्रकार प्रसरण-कक्षाचा. अरुंद नळीतून आलेली ध्वनिलहर एकाएकी रुंद कक्षात शिरली की तिचा काही भाग मागे परततो. कक्षातून पुन्हा अरुंद नळीत जाताना आणखी काही भाग परततो. कक्षाची लांबी लहरीच्या लांबीच्या चतुर्थांशाइतकी असेल तेव्हा हा अडथळा सर्वाधिक असतो. ती निम्म्याइतकी झाली की अडथळा जवळजवळ नाहीसा होतो. सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५२० मीटरच्या आसपास असतो. ५० सेंटिमीटर लांबीचा कक्ष अशा वायूत २६० कंपनांचा स्वर सर्वांत चांगला अडवील आणि ५२० कंपनांचा स्वर सुखाने जाऊ देईल. म्हणून कंपनीच्या सायलेन्सरमध्ये असमान लांबीचे दोन-तीन कक्ष एकामागून एक ठेवतात; एकाची फट दुसरा बुजवितो. अडथळा किती मोठा हे रुंदीच्या प्रमाणावर ठरते. ४ सेंटिमीटर व्यासाच्या नळीला १२ सेंटिमीटर व्यासाचा कक्ष जोडला तर क्षेत्रफळ नऊपट होते आणि गणिताने येणारी कमाल घट सुमारे १३ डेसिबेल असते. १६ सेंटिमीटर व्यासाने, म्हणजे सोळापट क्षेत्रफळाने, ती १८ डेसिबेलपर्यंत जाते. बाहेरचे सडपातळ, देखणे सायलेन्सर मोठा आवाज का करतात याचे एक उत्तर या आकड्यांत आहे : त्यांना पोटच नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैमानिक सल्लागार समितीने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा अनेक रचनांचे गणित आणि प्रयोग शेजारी शेजारी मांडून पाहिलेले आहेत. सायलेन्सरच्या शास्त्रात तो अहवाल अद्याप मूलभूत मानला जातो.

वरील गणितातून एक आनुषंगिक गोष्टही कळते. थंड इंजिन चालू करताच ऐकू येणारा आवाज आणि दहा मैल चालल्यावरचा आवाज यांत फरक असतो. २० अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. त्यामुळे वायू तापला की तोच कक्ष पूर्वीच्या दीडपट कंपनसंख्येवर काम करू लागतो. संगीताच्या भाषेत गाळणी षड्जावरून पंचमावर जाते. इंजिनाची गती तीच ठेवल्यास मूळ आघात तेवढेच राहतात; बदलते ती जाती.

दुसरा प्रकार बाजूच्या शाखेचा. मुख्य नळीला बंद तोंडाची एक आडनळी जोडली, तर जिची लहर त्या आडनळीच्या चौपट लांब आहे अशा कंपनसंख्येचा स्वर मुख्य नळीतून पुढे जाताना नाहीसा होतो. अनुनासिकांचे ध्वनिविज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. 'म' उच्चारताना ध्वनी घसा आणि नाक या मार्गाने बाहेर पडतो, आणि ओठांनी बंद झालेले मुख ही त्या मार्गाची आडशाखा होते. ती सुमारे ८ सेंटिमीटर लांब धरली तर १,००० ते १,१०० कंपनांच्या आसपासचा भाग वर्णपटातून गळतो. 'न' मध्ये जीभ दातांशी टेकल्याने शाखा आखूड होते आणि गळती वर सरकते. 'ङ' मध्ये ती आणखी वर जाते. 'म', 'न', 'ङ' हे तीन अनुनासिक कानाला वेगळे वाटण्यामागील कारणांपैकी हे एक महत्त्वाचे कारण आहे. सायलेन्सर बनविणारा हीच युक्ती एखादा नको असलेला स्वर नेमका उपटून काढण्यासाठी वापरतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता जो स्वर निघतो तो देणारे, बारीक मानेचे आणि मोठ्या पोटाचे अनुनादक पात्रही असेच शाखेसारखे जोडता येते. अशा पात्रांचा पद्धतशीर अभ्यास हेल्महोल्ट्झ यांनी केला आणि १८६३ च्या आपल्या ग्रंथात तो मांडला.

तिसरा प्रकार शोषणाचा. येथे नळी सरळ आरपार जाते. तिला सर्वांगाने छिद्रे असतात आणि तिच्याभोवती ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची लोकर, ठासलेली असते. लहर छिद्रांतून लोकरीत शिरते आणि तंतूंशी घर्षण होऊन तिची शक्ती उष्णतेत विरते. लहान लांबीच्या लहरी, म्हणजे उंच स्वर, यात सहज विरतात; लांब लहरी, म्हणजे खालचे स्वर, लोकरीचा थर जाड नसेल तर फारसे बाधित न होता निघून जातात. परिणामी तडतड कमी होते आणि गुरगुर उरते. मात्र लोकर कायम टिकत नाही. उष्णतेने आणि वायूच्या झोताने ती हळूहळू झिजते, छिद्रांतून उडून जाते, आणि काही काळानंतर गंभीर म्हणून घेतलेला सायलेन्सर केवळ कर्कश उरतो. ही झीज फार सावकाश होत असल्याने मालकाच्या कानाला ती उमगत नाही. शेजाऱ्याच्या कानाला उमगते.

या विवेचनाला एक अपवाद सांगितला पाहिजे. उगम आणि गाळणी परस्परांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीतक वाणीत बऱ्याच अंशी आणि फोर-स्ट्रोक इंजिनात साधारणपणे चालते. टू-स्ट्रोक इंजिनात ते चालत नाही. तेथे नळीचा फुगीर भाग परतणारी दाबलहर अशा वेळी सिलिंडरच्या दाराशी आणतो, की बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलले जावे. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात ही रचना शर्यतीच्या गाड्यांसाठी विकसित केली. यामाहा आरएक्स १०० सारख्या गाडीची नळी बदलणारा केवळ आवाज बदलत नाही. तो इंजिनाचा एक अवयव बदलतो.

४. ग्राहक : मानवी कान

ध्वनी नळीतून बाहेर पडल्यावर प्रश्न संपत नाही. तो कानापर्यंत पोहोचल्यावर नव्याने सुरू होतो. येथे तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली अशी, की कान सर्व कंपनसंख्यांना सारखा संवेदनशील नाही. मोजमापाच्या यंत्रांत याची दखल 'ए' भारांकनाने घेतली जाते. १,००० कंपनांच्या स्वराला यंत्र पूर्ण मोल देते. २०० कंपनांच्या स्वरातून सुमारे ११ डेसिबेल, १०० च्या स्वरातून १९ आणि ५० च्या स्वरातून ३० डेसिबेल वजा करते. याचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे. सायलेन्सरच्या आवाजाला यंत्रावर आणि कानावर मोठेपणा येतो तो मुख्यतः वरच्या उपस्वरांमुळे. ते छाटले आणि खालचे होते तसेच राहू दिले, तर आवाज अधिक गंभीर होतो आणि त्याच वेळी लहानही होतो. गांभीर्य आणि मोठेपणा हे परस्परांचे मित्र आहेत ही बाजारातील समजूत अशा रीतीने चुकीची ठरते. सायलेन्सरच्या आतले पडदे कापून काढल्याने सर्वच उपस्वर मोकळे होतात. तारता होती तेथेच राहते, आणि वाढते ती केवळ तीव्रता व कर्कशता. उलटपक्षी, यंत्र खालच्या स्वरांना कमी मोल देते म्हणून ते निरुपद्रवी आहेत असेही नाही. भिंती आणि बंद खिडक्या उंच स्वर बऱ्यापैकी अडवितात, खालचे स्वर त्या मानाने सहज आत येऊ देतात. म्हणून खालचे स्वर वाढविणे हा गांभीर्याचा मार्ग नव्हे. वरचे कमी करणे हाच होय.

दुसरी गोष्ट, कान नसलेला मूळ स्वरही ऐकतो. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवरून ३०० ते ३,४०० या मर्यादेतीलच कंपने जात असत. तरीही पुरुषाचा १०० कंपनांचा आवाज खालच्या पट्टीतलाच वाटे. उपस्वरांमधील समान अंतरांवरून श्रवणेंद्रिय मूळ स्वराचा अंदाज बांधते. त्यामुळे मोबाइलच्या इवल्याशा कर्ण्यातून ऐकलेला बुलेटचा आवाजही बुलेटचाच वाटतो. परंतु त्या कर्ण्यात खालचे स्वर मुळी नसतातच, आणि ध्वनिमुद्रण करताना यंत्र आवाजाची पातळी आपोआप खालीवर करीत असते. ज्या दोन गुणांवर निवड व्हावयाची, ते खालच्या स्वरांचे प्रमाण आणि तीव्रता हे दोन्ही गुण मुद्रणात हरवलेले असतात. ध्वनिफितीवरून सायलेन्सर निवडणे म्हणजे छायाचित्रावरून अत्तर निवडण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट तीव्रतेच्या मापनाची. १० डेसिबेलची वाढ म्हणजे ध्वनिशक्ती दहापट. कानाला मात्र आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. स्वाराला आपला आवाज 'थोडाच' वाढल्यासारखा वाटतो त्याचे कारण हे, आणि नळीचे तोंड त्याच्या पाठीमागे असते हेही.

५. अनुकरणवाचक शब्दांची साक्ष

आरंभी म्हटल्याप्रमाणे ग्राहकाची विशेषणे कुचकामी आहेत. परंतु मराठीत ध्वनिवर्णनाचे दुसरे एक साधन आहे, आणि ते विलक्षण समृद्ध आहे. फटफट, तडतड, धडधड, डुगडुग, गुरगुर, घरघर, भणभण या अनुकरणवाचक शब्दांची घडण यदृच्छेने झालेली नाही. मोटारसायकलीला मराठीने 'फटफटी' हे नाव दिले ते याच साधनाच्या बळावर.

'फट' या उच्चारात आरंभी श्वासयुक्त अघोष व्यंजन, मध्ये विवृत स्वर आणि शेवटी अघोष मूर्धन्य स्फोटक आहे. आघात धारदार असून वरचे उपस्वर मोकळे आहेत, अशा आवाजाचे हे यथार्थ चित्र आहे. 'डुग' या उच्चारात दोन्ही व्यंजने घोष आहेत आणि मधला स्वर 'उ' आहे. पीटरसन व बार्नी यांनी अमेरिकन इंग्रजीच्या स्वरांची १९५२ मध्ये जी मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत पुरुषांच्या 'उ'-सदृश स्वराचे पहिले दोन अनुनाद सरासरीने ३०० आणि ८७० कंपनांवर आहेत. 'आ'-सदृश स्वराचे ७३० आणि १,०९० वर. मराठी स्वरांचे नेमके आकडे वेगळे असतील, पण दोहोंमधील संबंध तोच राहील. 'उ' उच्चारताना ओठ पुढे येतात, तोंडाचा निकास अरुंद होतो आणि सर्व अनुनाद खाली उतरतात. तेव्हा ज्या आवाजाचे वरचे उपस्वर छाटले गेले आहेत त्याला बोलणारा सहजच 'डुगडुग' म्हणतो. 'गुरगुर' आणि 'घरघर' यांतील कंपित 'र' आघात जलद झाल्याचे सुचवितो, तर 'भणभण' मधील अनुनासिक अखंड घुमणाऱ्या स्वराचे द्योतक आहे.

तात्पर्य, मराठी भाषकाने उपकरणाच्या साहाय्यावाचून वर्णपटाचे एक स्थूल विश्लेषण केलेलेच आहे. 'भारदस्त पाहिजे' असे म्हणणारा ग्राहक दुकानदाराला काहीच सांगत नाही. 'फटफट नको, डुगडुग पाहिजे' असे म्हणणारा वरचे उपस्वर छाटण्याची स्पष्ट मागणी करतो, आणि ती मागणी पुरी होण्यासारखी असते. 'भणभणते आहे' ही तक्रार आडशाखेची गरज दाखविते. दुकानातील संभाषण विशेषणांकडून अनुकरणवाचक शब्दांकडे वळले तर निवडीतील चुका पुष्कळ कमी होतील.

६. निवडीचे नियम

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक नियम काढता येतात.

(१) इंजिनाचे आघात आणि लय बदलण्याची अपेक्षा ठेवू नये. बदल मागावयाचा तो जातीचा.

(२) गंभीर आवाज हवा असल्यास पोट असलेला, निदान एक कक्ष आणि जाड लोकरीचा थर असलेला सायलेन्सर पाहावा. लोकर बदलता येते की नाही हे आधी विचारावे. रिकामी आरपार नळी मोठा आवाज देते, गंभीर नव्हे.

(३) मोटारीत ठराविक वेगाला आतली हवा घुमू लागते, ती आघातांची कंपनसंख्या आतल्या पोकळीच्या अनुनादाशी जुळल्यामुळे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर सेकंदाला ८० आघात देते. एवढा स्वर काढून टाकण्यास वायूच्या उष्णतेनुसार सुमारे दीड मीटर लांबीची आडनळी लागते. संपूर्ण सायलेन्सर बदलण्यापेक्षा हा उपाय अधिक नेमका आहे.

(४) उभ्या गाडीचा आवाज ऐकून निर्णय घेऊ नये. इंजिन पुरते तापल्यावर, नेहमीच्या वेगाने जाणारी गाडी सात-आठ मीटरवर उभे राहून ऐकावी. तो आवाज इतरांचा आहे, आणि प्रश्न बहुतांशी इतरांचाच आहे.

(५) चावी बंद-चालू करून काढला जाणारा 'फटाका' म्हणजे न जळलेले इंधन तापलेल्या नळीत पेटणे होय. २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या गाड्यांत निकासमार्गावर धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक पात्र आणि प्राणवायूचे प्रमाण मोजणारे साधन असते. फटाक्याने ते पात्र बिघडते. नळी बदलताना ते पात्र काढून टाकल्यास आवाजाबरोबर धुराचाही गुन्हा घडतो.

(६) युरोपातील बदली सायलेन्सरांना संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या ९२ व्या नियमानुसार मान्यता घ्यावी लागते आणि तशी खूण त्यांवर उमटविलेली असते. ही खूण वस्तूच्या दर्जाची साक्ष आहे. तिच्यामुळे भारतातील कायद्याच्या अटी आपोआप पुऱ्या होत नाहीत. शिवाय 'डीबी किलर' नावाचा आतला तुकडा काढून टाकला की त्या खुणेला अर्थ उरत नाही.

७. कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या १२० व्या नियमाने सायलेन्सर आवश्यक ठरविला आहे. १ एप्रिल २००५ पासून लागू झालेल्या मर्यादांनुसार निर्मितीच्या वेळी दुचाकीचा आवाज ८० सीसीपर्यंत ७५, त्यापुढे १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ८० डेसिबेल, अर्थात 'ए' भारांकनाने, यांहून अधिक असता कामा नये. वेग वाढवीत जाणाऱ्या गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटरवर ध्वनिग्राहक ठेवून हे मोजमाप करतात. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत अशा चाचण्या होतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ रचनेत नोंदीशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते. ध्वनिमर्यादेच्या उल्लंघनासाठी १९० व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, आणि तीन महिने परवाना रद्द अशी तरतूद आहे.

या चौकटीत पसंतीला वाव अगदीच नाही असे नव्हे. पण तो एकाच दिशेला आहे. मोठेपणा वाढविण्याची वाट बंद आहे, आणि ती बंद असणे योग्यच आहे, कारण रस्त्यावरचा ध्वनी एकट्या स्वाराचा नसतो. जाती बदलण्याची वाट त्या मानाने मोकळी आहे, आणि गांभीर्य हा जातीचाच धर्म आहे. सायलेन्सर विकत घेणाऱ्याला आणि त्याला तो विकणाऱ्याला हा एक भेद समजला, तर दोघांच्याही व्यवहाराला पुरेल. ध्वनिविचाराच्या विद्यार्थ्याला मात्र यातून आणखी एक गोष्ट घेता येईल : उगम आणि गाळणी यांचा जो भेद वर्गात स्वरांच्या आकृत्यांवरून शिकविला जातो, त्याची प्रचीती विद्यापीठाच्या फाटकाबाहेरील रस्त्यावर दिवसभर येत असते. तापलेले व थंड इंजिन, कंपनीचा व बाहेरचा सायलेन्सर, नवी व झिजलेली लोकर यांच्या आवाजांची ध्वनिलेखने घेऊन ती स्वर व अनुनासिक यांच्या ध्वनिलेखनांशेजारी ठेवणे हा पदव्युत्तर वर्गासाठी एक उपयुक्त आणि अल्पखर्चाचा प्रयोग होईल.